मूल ‘हो’ म्हणतं तेव्हा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘बालसाक्षीदार आणि कायदा’ असा भारदस्त विषय छापलाय. कायद्याबद्दल मी बोलणारच आहे. पण त्याआधी एका अगदी लहान शब्दाबद्दल बोलायचंय. तो शब्द म्हणजे ‘हो’.

कुठल्याही बालवाडीच्या दारात सकाळी पाच मिनिटं उभ्या राहा. आतून काय ऐकू येतं? ‘समजलं का सगळ्यांना?’ ‘होऽऽऽ बाई!’ ‘उद्या सगळे वेळेवर येणार ना?’ ‘होऽऽऽ!’ ‘खाऊ आवडला ना?’ ‘होऽऽऽ!’ ज्याला समजलं नाही तो ओरडतो, ज्याला खाऊ मिळालाच नाही तोही ओरडतो. आपण हसतो, कौतुक करतो. ह्या ‘हो’मध्ये काही वावगं आहे असं आपल्याला कधी वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. एका केसनं ते मला शिकवलं, आणि त्याची किंमत मी मोजली नाही, एका मुलीनं मोजली. ती गोष्ट आधी सांगते.

१९९८ सालची गोष्ट. आमच्या समुपदेशन केंद्रात एक बाई आपल्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलगी वस्तीतल्या एका दुकानात जायला दोन दिवस नकार देत होती. आईनं फार खोदून विचारल्यावर म्हणाली होती, ‘मला त्या काकांकडे नाही जायचं, ते टोचतात.’ एवढंच. आई घाबरली, शेजारणीला घेऊन आमच्याकडे आली.

आम्ही काय केलं? त्या चिमुरडीला मध्ये बसवलं आणि भोवती चौघी बसलो. आई, शेजारीण, माझी सहकारी आणि मी. आणि विचारायला लागलो. ‘काकांनी तुला जवळ घेतलं का?’ मुलीनं मान हलवली. ‘इथं हात लावला का?’ हो. ‘कपडे काढले का?’ हो. ‘कुणाला सांगू नको म्हणाले का?’ हो. ‘आधी पण असं केलं होतं का?’ हो. मी तेव्हा तरुण होते, संतापानं माझे हात थरथरत होते. प्रत्येक ‘हो’ ऐकला की पुढचा प्रश्न आणखी भयंकर व्हायचा. मग मी कागद घेतला आणि लिहिलं : ‘मुलीने सांगितले की आरोपीने तिला जवळ घेतले, तिचे कपडे काढले...’ मुलीनं यातलं काहीही सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं मी. तिनं फक्त मान हलवली होती.

त्यानंतर पोलिसांनी विचारलं, डॉक्टरांनी विचारलं, पुन्हा आत्यानं विचारलं, आजीनं विचारलं. खटला उभा राहायला दोन वर्षं गेली. मुलगी सात वर्षांची झाली. आरोपीच्या वकिलांनी आवाजही चढवला नाही. मला आठवतंय, ते अगदी प्रेमानं बोलत होते. ‘बाळ, आज इथं काय सांगायचं ते आईनं तुला समजावून दिलं ना?’ ‘हो.’ ‘संस्थेच्या ताईंनी पण सांगितलं ना?’ ‘हो.’ ‘काका तुला गोळ्या द्यायचे ना?’ ‘हो.’ ‘काकांनी तुला काही केलं नाही ना?’ ‘हो.’

आता मला सांगा, ह्या शेवटच्या ‘हो’चा अर्थ काय? ‘हो, काही केलं नाही’ असा, की ‘हो, केलं’ असा? मराठीत दोन्ही अर्थ होतात. मोठ्या माणसाला आपण लगेच विचारतो, ‘म्हणजे केलं की नाही केलं?’ तिला कुणी विचारलं नाही. कागदावर आलं : ‘आरोपीने मला काही केले नाही हे म्हणणे खरे आहे.’ आरोपी सुटला.

त्या दिवशी आम्ही वकिलाला शिव्या दिल्या, न्यायव्यवस्थेला शिव्या दिल्या. पुष्कळ वर्षांनी ती फाइल पुन्हा काढली तेव्हा लक्षात आलं, की वकिलानं वेगळं काहीच केलं नव्हतं. आम्ही तिच्याकडून ज्या रीतीनं ‘हो’ घेतले, त्याच रीतीनं त्यानं घेतले. ज्या होकारांवर आम्ही केस उभी केली, तसल्याच होकारांनी ती कोसळली. आणि तिच्या स्वतःच्या तोंडचं एकुलतं एक वाक्य, ‘ते टोचतात’, सबंध फाइलमध्ये कुठंच नव्हतं. काय टोचतं, कुठं टोचतं, ‘टोचतात म्हणजे कसं गं?’ एवढा एक साधा प्रश्न आम्हां चौघींपैकी एकीलाही सुचला नाही. त्या माणसानं नेमकं काय केलं होतं, हे आज मी शपथेवर सांगू शकणार नाही. ते कळण्याची वाट आम्हीच बुजवली.

म्हणून मग मी वाचायला लागले, की लहान मुलं मोठ्यांना ‘हो’ का म्हणतात.

पहिलं कारण अगदी घरगुती आहे. आपण लहान मुलाला जे प्रश्न विचारतो, त्यातले कितीतरी मुळात प्रश्न नसतातच. ‘दूध पिणार ना?’ हा प्रश्न नाही, हुकूम आहे. ‘ताईला खाऊ द्यायचा ना?’ हाही हुकूमच. ‘शहाणं बाळ आहे ना?’ याला ‘नाही’ असं उत्तर नसतंच. ‘हो’ म्हटलं की आई हसते, पापा घेते, प्रश्न संपतो. ‘नाही’ म्हटलं की तोच प्रश्न पुन्हा येतो, जरा चढ्या आवाजात. दोन वर्षांचं मूल हे पक्कं शिकतं. आपली भाषा बघा. ‘ऐकणं’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. कानानं ऐकणं आणि सांगितलेलं पाळणं. ‘ऐकत नाही’ म्हणजे मूल बहिरं आहे असा अर्थ नसतो!

दुसरं कारण शाळेनं दिलेलं. ‘हा रंग कोणता?’ असं बाई विचारतात तेव्हा बाईंना रंग माहीत असतो. म्हणजे मुलाच्या अनुभवात मोठी माणसं प्रश्न विचारतात ती उत्तर माहीत असताना, मूल बरोबर सांगतं की नाही ते बघायला. मग आपण ‘त्यानं हात लावला का?’ असं विचारलं की मुलाला वाटतं, ताईला माहीतच आहे, ज्या अर्थी ती विचारते त्या अर्थी तसं झालं असणार. जे घडलं ते फक्त आपल्याला माहीत आहे आणि समोरच्या मोठ्या बाईला माहीत नाही, हे लहान मुलाला उमजणंच कठीण असतं.

तिसरं कारण : ‘मला माहीत नाही’ हे उत्तर फार अवघड आहे. त्यासाठी आधी आपल्याला माहीत नाही हे कळावं लागतं, आणि मग ते बोलायचं धाडस लागतं. शाळेत ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्याला बाकावर उभं केलं जातं. १९८० साली ह्यूजेस आणि ग्रीव्ह या दोघा संशोधकांनी पाच आणि सात वर्षांच्या मुलांना मुद्दाम निरर्थक प्रश्न विचारले. दूध पाण्यापेक्षा मोठं असतं का, अशा धर्तीचे. जवळजवळ सगळ्या मुलांनी गंभीरपणे काही ना काही उत्तर दिलं. प्रश्न चुकीचा असू शकतो, असं मुलाला वाटतच नाही. पुढं ब्रिटनमध्येच वॉटरमन, ब्लेड्स आणि स्पेन्सर यांनी असेच प्रयोग केले, तेव्हा एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. हो-नाहीचा निरर्थक प्रश्न असला की मुलं उत्तर देऊन मोकळी होतात. पण ‘काय’, ‘कुठं’ असा मोकळा प्रश्न निरर्थक असला, तर बहुतेक मुलं ‘माहीत नाही’ असं सांगतात. म्हणजे मूल तेच, पण प्रश्नाचं रूप बदललं की मुलाचा प्रामाणिकपणा वर येतो.

वयाचाही भाग आहे. फ्रिट्झली आणि ली यांचा २००३ सालचा अभ्यास आहे. त्यांनी मुलांना ओळखीच्या आणि अनोळखी वस्तूंबद्दल हो-नाहीचे प्रश्न विचारले. दोन वर्षांची मुलं सरसकट ‘हो’कडे झुकत होती, प्रश्न कळो वा न कळो. तीन वर्षांच्या मुलांत हा कल कमी होता. चार-पाच वर्षांच्या मुलांत, कळणाऱ्या प्रश्नांपुरता तरी, तो ठामपणे दिसत नव्हता. न कळणाऱ्या प्रश्नांना उलट ती ‘नाही’ म्हणत. म्हणजे पाच वर्षांचं मूल निवांत असताना, ओळखीच्या गोष्टीबद्दल, नीट उत्तर देऊ शकतं. पण आपली मुलगी निवांत होती का? चौघी मोठ्या बायका भोवती, आई रडतेय, ताईचे हात थरथरताहेत! अशा वेळी पाच काय, पंचवीस वर्षांची बाईसुद्धा ‘हो’ म्हणते.

चौथं कारण पुन्हा पुन्हा विचारण्याचं. १९७४ साली रोझ आणि ब्लँक यांनी सहा वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. सोंगट्यांच्या दोन सारख्या रांगा मांडायच्या, ‘सारख्या आहेत का’ विचारायचं, मग एक रांग पसरून लांब करायची आणि पुन्हा तेच विचारायचं. ही पियाजेची प्रसिद्ध चाचणी. त्यांनी पहिला प्रश्न गाळला आणि एकदाच विचारलं, तर कमी मुलं चुकली. म्हणजे तोच प्रश्न पुन्हा आला की कितीतरी मुलांना वाटतं, पहिलं उत्तर चुकलं, आता दुसरं द्यायला हवं. आपल्याकडे पीडित मुलाला एकच गोष्ट घरात, संस्थेत, चौकीत, दवाखान्यात, कोर्टात किती वेळा विचारली जाते, मोजा कधीतरी. आणि मग आपणच म्हणतो, ‘जबाबात तफावत आहे.’

आता इथं थांबून एक गोष्ट बजावून सांगते, कारण माझ्या बोलण्याचा उपयोग उद्या मुलांच्याच विरुद्ध होऊ शकतो. मुलं खोटं बोलतात असं मी म्हणत नाहीये. चार-पाच वर्षांचं मूल जेव्हा आपल्या शब्दांत, आपल्या चालीनं सांगतं, तेव्हा ते थोडंच सांगतं, पण जे सांगतं ते बहुतांशी खरं असतं. हेही अभ्यासकांनी वारंवार दाखवून दिलंय. ‘ते टोचतात’ हे खरं होतं. गडबड सुरू होते ती आपल्या प्रश्नांपासून.

आणि ही गडबड दोन्ही बाजूंनी घात करते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच इथल्या मॅकमार्टिन बालवाडीचं प्रकरण तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. १९८३ मध्ये तक्रार झाली. मग शेकडो मुलांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. ‘बाकीच्या मुलांनी सांगितलं, तू हुशार आहेस ना, मग तूही सांग’, अशा तऱ्हेनं. ‘नाही’ म्हणणाऱ्या मुलाला पुन्हा विचारायचं, ‘हो’ म्हटलं की शाबासकी द्यायची. १९९० पर्यंत खटले चालले आणि एकालाही शिक्षा झाली नाही. मुलांना खरंच काही झालं होतं का, हे कळण्याची शक्यताही त्या मुलाखतींनी संपवली. १९९८ मध्ये गार्वेन आणि सहकाऱ्यांनी याच तंत्रांची परीक्षा घेतली. बालवाडीत एक पाहुणा येऊन गोष्ट सांगून गेला. आठवड्यानं मुलांना त्यानं न केलेल्या गोष्टींबद्दल विचारलं. नुसते सूचक प्रश्न विचारले तेव्हा १७ टक्के चुकीचे ‘हो’ आले. शाबासकी, ‘बाकीचे तर असं म्हणाले’, अशी जोड दिल्यावर ५८ टक्के. आणि हे सगळं काही मिनिटांत. आम्ही त्या दिवशी केंद्रात दीड तास बसलो होतो.

मैत्रिणींनो, आता हा विषय स्त्री-चळवळीचा का आहे ते सांगते. हा काही नुसता मानसशास्त्राचा प्रश्न नाही.

‘हो’ला आपल्या चळवळीत फार मोठा इतिहास आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. सत्र न्यायालयानं आरोपींना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली आणि भीतीपोटी निमूट शरण जाणं म्हणजे संमती नव्हे, असा फरक केला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, आणि १९८० मध्ये देशभर बायका रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या लढ्यानं आपल्याला एक गोष्ट शिकवली : सत्तेपुढं दिलेला होकार हा होकार नसतो. कोण विचारतंय, कुठं विचारतंय आणि ‘नाही’ म्हटलं तर काय होईल, हे बघितल्याशिवाय ‘हो’चा अर्थ लागत नाही.

हे आपण मथुरेच्या बाबतीत शिकलो. लग्नाच्या बैठकीत मान खाली घालून ‘पसंत आहे’ म्हणणाऱ्या मुलीच्या बाबतीत शिकलो. ऑपरेशनच्या कागदावर अंगठा उठवणाऱ्या बाईच्या बाबतीत शिकलो. पण स्वतः खुर्चीत बसलो आणि समोर पाच वर्षांची मुलगी आली, तेव्हा मात्र विसरलो. तिच्यापुढं सत्ता आपणच होतो. हेतू चांगला असला म्हणून सत्ता नाहीशी होत नाही.

शिवाय मुलीला तर ‘हो’चं वेगळं शिक्षण मिळतं. मुलगा ‘नाही’ म्हणाला तर हट्टी, मुलगी ‘नाही’ म्हणाली तर आगाऊ, तोंडाळ, उलटून बोलणारी. गुणी मुलगी कोण? जी ‘नाही’ म्हणत नाही ती. आता त्या दुकानदाराच्या जागी उभ्या राहून बघा. ‘माझ्या मांडीवर बसणार ना? आईला सांगणार नाहीस ना?’ ‘हो.’ त्याचं काम सोपं कुणी केलं? आपण घरोघर दिलेल्या शिक्षणानं. अत्याचार करणारा माणूस मुलाच्या ज्या सवयीचा फायदा घेतो, तिचाच फायदा आरोपीचा वकील घेतो आणि घाईत असलेली कार्यकर्तीही घेते. मुलग्यांनाही हे लागू आहे बरं. २००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं केलेल्या पाहणीत निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, आणि त्यात मुलग्यांची संख्या मुलींच्या बरोबरीची होती.

आता कायदा. १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या रामेश्वर विरुद्ध राजस्थान राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयानं आठ वर्षांच्या मुलीची साक्ष, तिला शपथ दिलेली नसतानाही, ग्राह्य धरली. म्हणजे लहान म्हणून मुलाची साक्ष बाद होत नाही; प्रश्न समजतात का आणि समजून उत्तर देता येतं का, एवढंच बघायचं. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे.

पण याच कायद्यात एक मेख आहे. सरतपासणीत सरकारी वकिलाला सूचक प्रश्न, म्हणजे उत्तर सुचवणारे प्रश्न, सहसा विचारता येत नाहीत. उलटतपासणीत आरोपीच्या वकिलाला विचारता येतात. मोठ्या साक्षीदाराच्या बाबतीत हे ठीक आहे. तो खोडून काढू शकतो. लहान मुलाच्या बाबतीत काय होतं? मूल जे ‘हो’ म्हणायला तयार असतं, ते मागण्याची परवानगी एकाच बाजूला आहे. शिवाय ती कोर्टाची भाषा : ‘मी खोटी साक्ष देत आहे हे म्हणणे खरे नाही.’ हे वाक्य तुम्ही दोनदा मनात म्हणून बघा, आणि मग सात वर्षांच्या मुलीला त्यावर हो की नाही ते विचारा. मूल कोरकू किंवा पावरी बोलणारं असेल आणि प्रश्न प्रमाण मराठीत असेल, तर मग बोलायलाच नको.

आरोपीला उलटतपासणीचा हक्क आहे आणि तो असलाच पाहिजे. आपण चळवळीतल्या माणसांनी तो नाकारता कामा नये. आपलं म्हणणं एवढंच, की प्रश्न असा असावा ज्यातून खरं काय ते कळेल. ‘साक्षी’ या संस्थेच्या याचिकेवर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की मूल आणि आरोपी यांच्यामध्ये पडदा असावा, उलटतपासणीचे प्रश्न न्यायाधीशांकडे लेखी द्यावेत आणि त्यांनी ते सोप्या भाषेत विचारावेत, मुलाला मधे विश्रांती द्यावी. २०१२ च्या पोक्सो कायद्यात हे आलं. कलम २४ : जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता. कलम २६ : मुलाच्या विश्वासातल्या माणसासमोर आणि मूल बोललं तसाच, गरज पडली तर दुभाषी, शक्य तिथं ध्वनिचित्रमुद्रण. कलम ३३ : दोन्ही बाजूंच्या वकिलांनी प्रश्न न्यायालयाला सांगायचे, न्यायालयानं मुलाला विचारायचे, मुलाला वारंवार बोलवायचं नाही, आक्रमक प्रश्न चालणार नाहीत. कलम ३५ : न्यायालयानं दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष.

कागदावर हे उत्तम आहे. पण आजही वकील थेट मुलाला प्रश्न विचारताना मी पाहिलेत, आणि ‘मूल बोललं तसाच’ म्हणून नोंदलेल्या जबाबात ‘सदर इसमाने’ असे शब्दही वाचलेत. कुठलं पाच वर्षांचं मूल ‘सदर इसम’ म्हणतं? असा जबाब दिसला तर त्याच दिवशी लेखी हरकत घ्या. आणि प्रश्न न्यायाधीशांच्या तोंडून आला म्हणजे काम झालं असंही नाही. ‘...ना?’ असं शेपूट असलेला प्रश्न न्यायाधीशांनी विचारला तरी तो शेपटीवालाच. इंग्लंडमध्ये १९९९ च्या कायद्यानं मुलाला प्रश्न नीट कळावेत म्हणून मध्यस्थ देण्याची सोय केली, आणि असे शेपटीवाले प्रश्न मुलांना विचारू नयेत अशी तिथल्या न्यायालयांची भूमिका आहे. आपण इथं ही मागणी लावून धरायला हवी.

पण मागण्या इतरांकडे करायच्या आधी आपलं घर झाडून घेऊ. आमच्या केंद्रात आता आम्ही काही गोष्टी कटाक्षानं पाळतो, त्या सांगते.

एक. मूल आलं की एकीनंच बोलायचं. बाकीच्यांनी बाहेर बसून आईला चहा द्यायचा. तिलाही त्याची गरज असते.

दोन. आधी वेगळ्याच गोष्टींवर बोलायचं. सण, शाळा, मैत्रीण, काहीही. आणि तेव्हाच ‘माहीत नाही’ म्हणायचा सराव द्यायचा. ‘माझ्या घरच्या मांजराचं नाव काय?’ मूल बघत राहतं. ‘तुला कसं माहीत असणार! मग काय म्हणायचं? माहीत नाही.’ मग मुद्दाम चुकायचं. ‘तू चौथीत ना?’ ती पहिलीत असते. तिनं ‘नाही, पहिलीत’ म्हटलं की सांगायचं, ‘बरं झालं सांगितलंस. मी चुकले की असंच सांगायचं.’ ताईला ‘नाही’ म्हटलं आणि ताई रागावली नाही, हा अनुभव कितीतरी मुलींना इथं पहिल्यांदा येतो. मायकेल लॅम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात मुलांच्या मुलाखतींची जी पद्धत बसवली, तिची सुरुवात अशाच सरावानं होते.

तीन. प्रश्न मोकळा ठेवायचा. ‘काय झालं ते सांग.’ ‘मग काय झालं?’ ‘तू टोचतं म्हणालीस, त्याबद्दल आणखी सांग.’ तिचेच शब्द तिला परत द्यायचे, आपले नवे घालायचे नाहीत. गप्प राहिली तर आपणही गप्प राहायचं. हे सगळ्यांत कठीण आहे. गप्प बसणं आपल्याला शिकवलेलं नाही!

चार. तिचं वाक्य आणि आपला प्रश्न, दोन्ही लिहायचे. जसेच्या तसे. मान हलवली तर ‘मान हलवली’ असंच लिहायचं.

पाच. आपण तपास अधिकारी नाही. मूल सुरक्षित आहे का, दवाखान्यात न्यायला हवं का, पोलिसांना कळवायला हवं का, एवढं कळलं की थांबायचं. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. पण सगळी हकिगत आपणच काढून घेणं बंधनकारक नाही. उलट, जितकं कमी विचाराल तितकं तिचं बोलणं शाबूत राहील.

शेवटी एक सांगून थांबते. त्या फाइलमधली मुलगी मोठी झाली, तिचं लग्न झालं. काही वर्षांपूर्वी ती आपल्या तीन वर्षांच्या मुलीला घेऊन सहज केंद्रात भेटायला आली. मी सवयीनं त्या पोरीला म्हणाले, ‘माझ्याकडे येणार ना?’ पोरीनं आईकडे बघितलं. मला वाटलं, आता ती म्हणेल, ‘जा, आजीकडे जा.’ ती मुलीला म्हणाली, ‘तुला जायचंय, की नाही जायचं? तुझं तू सांग.’

पोर म्हणाली, ‘नाही.’ आणि आईच्या पदराआड गेली.

तिची आई हसली, मीही हसले. पण त्या दिवशी जुन्या फाइलबद्दल तिच्याशी बोलायचं धाडस मला झालं नाही. ते माझ्याकडे बाकी आहे. पुन्हा भेटली की तिला मी सांगणार आहे, की तू खरं बोलली होतीस. आम्ही विचारायला चुकलो.